कुडुमचा डबा

व्यायामाच्या सरांनी सभागृहाचे दार ओढून घेतले आणि आतून कडी घातली, तेव्हा तिसऱ्या रांगेत मधोमध बसलेल्या मुलीने उगाच बुटाची नाडी सोडून परत बांधली. दोन्ही बाजूंना गुडघेच गुडघे. बाहेर जायचे तर अर्धा वर्ग उठवावा लागला असता. आणि समोर मंचावर, पाण्याच्या तांब्याशेजारी, मांडीवर पत्र्याचा डबा घेऊन तिचे बाबा बसले होते.

बाबा लेखक होते. जाडजूड पुस्तकेही त्यांनी लिहिली होती, पण ती घरी कपाटावर धूळ खात पडली. डोक्यावर घेतले गेले ते एकच, कुडुम नावाच्या मुलीचे. ही कुडुम दिसेल तो किडा मटकावते, टोळाच्या तंगड्या चोखते आणि घरी आलेल्या पाहुण्यांना गंभीरपणे विचारते, की मुंग्या साखरेबरोबर घेणार की नुसत्याच? पोरे वाचतात आणि हसून गडाबडा लोळतात.

या सगळ्याचे मूळ तिसऱ्या रांगेत बसले होते. बोबडे बोलायच्या वयात तिने अंगणात बसून मूठभर मुंग्या खाल्ल्या होत्या, आणि बाबा पोट धरून हसता हसता लिहायला बसले होते. पुस्तकवाचनाच्या कार्यक्रमाचा शेवट तेव्हापासून ठरलेला. बाबा डब्यातले झुरळ खाणार, आणि मग हात पसरून म्हणणार, "आता भेटा खऱ्याखुऱ्या कुडुमला." लहान होती तोवर ती टाळ्यांच्या आवाजात उड्या मारत मंचावर जायची. पुढे शाळेत तिला नावाने हाक मारणारे कोणी उरले नाही. मधल्या सुट्टीत तिच्या डब्यात कोणी मेलेला पतंग टाकायचे आणि ती खाते की नाही म्हणून सगळे बघत उभे राहायचे. रडली तर आणखी हसायचे.

मग घर बदलले, शाळा बदलली. बाबा पुस्तके टोपणनावाने लिहीत, त्यामुळे इथे कोणाला काही कळले नाही. तिला एक मैत्रीण मिळाली, दोन वेण्यांची, अखंड बडबडणारी. किती दिवसांनी तिचा जीव भांड्यात पडला होता. आणि नेमके याच शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी लेखकाला बोलावणे धाडले. त्या लेखकाची मुलगी इथेच शिकते, हे बाईंच्याही गावी नव्हते.

"बाबा, तू नाही म्हण ना."

"अगं, बाईंना शब्द देऊन बसलोय."

"मग मला वर बोलवू नकोस. तेवढं तरी."

बाबा चष्मा पुसत राहिले. "बघू," म्हणाले. त्यांच्या 'बघू'चा अर्थ घरात सगळ्यांना पाठ होता.

डब्यातली झुरळे खजुराची असत. आई खजूर मळून ती वळायची, बदामाच्या कापांचे पंख लावायची. डब्याचे झाकण एका बाजूने वाकडे होते. ते दाबून बसवायचे आणि वरून रबर चढवायचे, हे काम मुलीचे. या वेळी ती फुरंगटून बसली आणि तिने डब्याला हात लावला नाही. डबा तसाच ओट्यावर राहिला.

बाबांनी वाचायला सुरुवात केली आणि सभागृह खिदळायला लागले. पाहुण्यांचा प्रसंग आला तेव्हा मैत्रीण तिच्या खांद्यावर कोसळली.

"कसलं भारी आहे गं. तुला हसू नाही येत?"

"येतंय की."

पुस्तक मिटून बाबांनी डबा उघडला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांनी आत फुंकर मारली. मग मनगट झटकले. तिला इतक्या लांबून काही दिसत नव्हते, पण ती समजली. झाकण दाबून बसवले नव्हते. डब्यात मुंग्या झाल्या होत्या.

तेवढ्यात मागून कोणी ओरडले, "कुडुम खरी आहे ना? पुस्तकावर तसं छापलंय."

"कुठे आहे? दाखवा ना."

सगळे सभागृह तेच म्हणायला लागले. बाबांची नजर रांगांवरून फिरत आली आणि तिच्यापाशी थांबली. तिने मैत्रिणीचा हात घट्ट आवळला.

"अगं, हात सोड, दुखतंय," मैत्रीण कुजबुजली.

"खरी आहे," बाबा म्हणाले. "पण मुलगी नाही. अंगणात बसून मुंग्या खाल्ल्या त्या मी. सांगायची लाज वाटली, म्हणून मुलगी केली."

"खोटं," पुढच्या रांगेतली एक धिटुकली म्हणाली. "आणि ते झुरळ खजुराचं असतं. माझ्या ताईने सांगितलंय."

"खजुराचंच आहे. पण त्याच्यावर काय फिरतंय, ते बघ."

बाबांनी खाली उतरून डबा त्या धिटुकलीपुढे धरला. पुढची सगळी रांग किंचाळत मागे सरकली. नेहमी झुरळ खाताना बाबा डोळे फिरवायचे, पोटावरून हात फिरवायचे, मोठ्ठी ढेकर द्यायचे. आज त्यांनी त्यातले काहीच केले नाही. मुंग्यांनी भरलेले ते झुरळ तोंडात टाकले आणि शेवटपर्यंत चावून खाल्ले. मध्येच त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. सगळे सभागृह पाय आपटत बाबांनाच हाका मारू लागले, "कुडुम! कुडुम!"

शाळा सुटली तेव्हा बाबा फाटकाजवळ रिक्षाची वाट बघत उभे होते. खालचा ओठ टम्म सुजला होता. जाणारी-येणारी पोरे "ए कुडुम" म्हणून पळत होती आणि ते हात हलवत होते. मुलगी मैत्रिणीबरोबर जवळून गेली, तेव्हा त्यांनी मुद्दाम रस्त्याकडे मान वळवली.

"बिचारे गं," मैत्रीण म्हणाली. "त्यांच्या घरच्यांना लोक काय काय चिडवत असतील."

मुलगी चार पावले गेली आणि थांबली. दप्तरातून पाण्याची बाटली काढून मागे फिरली.

"बाबा, चूळ भर आधी."

बाबांनी तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिले. मैत्रीण तोंडाचा आ करून उभी होती.

"अगं, जा तू," ते सुजलेल्या ओठाने पुटपुटले. "ती बघतेय."

"बघू दे." तिने बाटली त्यांच्या हातात दिली, डबा आपल्याकडे घेतला आणि झाकणाची वाकडी बाजू दाबून नीट बसवली.