साखरपुड्याच्या दिवशी हरवलेला आरसा

आमची नमिता विमानाचे पार्ट बनवणाऱ्या मोठ्या कंपनीत लागली, तेव्हा मी अख्ख्या मढच्या जेट्टीवर पेढे वाटले. खोटं कशाला बोलू, कंपनी झकास आहे. मुलुंडहून मालाडपर्यंत त्यांचीच बस, कँटीनला गरम जेवण. माझ्या डोळ्याचं ऑपरेशनसुद्धा त्यांच्याच इन्शुरन्सवर झालं. आता मला समोरच्या माणसाचा खोटेपणा लांबूनच दिसतो.

पण कटकट पण तेवढीच. कामावर बांगडी नाय, अंगठी नाय, फोन लॉकरमध्ये. आणि काय बनवते ते घरी सांगायचं नाय. मी विचारलं, पंख बनवतेस का शेपूट? तर बोलते, "बाबा, जेवा."

साखरपुडा रविवारी संध्याकाळी होता. नेमकं त्याच दिवशी अर्जंट काम निघालं. सकाळची पाळी करून येते म्हणाली. साहेबासकट सगळ्यांना तिनं आमंत्रण दिलं होतं.

नवरामुलगा विकी आणि त्याच्याकडची माणसं वेसाव्याहून वेळेवर आली. मुलगीच नाय. शेवटी मी कंपनीच्या गेटवर फोन लावला. वॉचमन म्हणाला, टूल हरवलंय, सापडेपर्यंत कोणी बाहेर पडणार नाय. लागली वाट. तिथली पद्धत मला ठाऊक होती. प्रत्येक हत्याराला फोममध्ये त्याच्या आकाराची जागा कापलेली असते. पाळी सुटताना एक जागा जरी रिकामी दिसली तरी सगळे अडकले.

विकीची आई सोनूबाई, मच्छी बाजारात जिच्याशी घासाघीस करायला पोलीस पण घाबरतात, ती मला म्हणाली, "चंदरभाव, पोरगी कंपनीत हाय का कोठडीत?"

मी तिला बस सांगितली, कँटीन सांगितलं, डोळा उघडून दाखवला. घाईघाईत हे पण बोलून गेलो की तिथं अंगठी चालत नाय. सोनूबाई म्हणाली, मुहूर्त गेला तर आम्ही निघतो, पुढचं दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. विकी नुसता बुटाकडे बघत होता.

मुहूर्ताला थोडाच वेळ उरला आणि मालाडपर्यंतच येणारी कंपनीची बस थेट आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली. नमितासकट अख्खी पाळी निळ्या कपड्यांतच उतरली. मागून त्यांचे चंद्रप्रकाश साहेब. अर्धी मिशी काळी, अर्धी पांढरी.

हरवला होता तो दांडीवाला छोटा आरसा, पार्टच्या मागची बाजू बघायचा. बाथरूमचा आरसा फुटलेला, म्हणून साखरपुड्याला मिशी रंगवायला साहेबांनीच तो नेला होता. मध्येच आरडाओरडा झाला, तसे हे रंग आणि आरसा तिथंच टाकून धावले, आणि सगळ्यांबरोबर मशीनखाली रांगत तोच आरसा शोधत बसले. आठवलं तेव्हा सगळ्यांसमोर कबूल केलं आणि रिपोर्टमध्ये स्वतःचंच नाव लिहिलं. खरं सांगणाऱ्याला तिथं शिक्षा करत नाहीत म्हणे.

सोनूबाईला हसू येत होतं, पण तिनं ते दाबलं. नमिताला विचारलं, "एका आरशापायी थांबलीस? पोटात दुखतंय सांगून निघायचं होतं."

नमिता म्हणाली, "मावशी, तो आरसा विमानात राहिला असता, आणि त्याच विमानात विकी बसला असता तर?"

सोनूबाई म्हणाली, "याला विमानात कोण बसवतंय? होडीत उलट्या करतो हा." आणि अशी हसली की जेट्टीवरचे कावळे उडाले. मुहूर्त टळत आला होता, तर भिंतीवरचं घड्याळ तिनं स्वतःच्या हातानं भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि म्हणाली, घाल रे अंगठी.

अख्ख्या पाळीनं आमची सुरमई संपवली. साहेबांनी सगळ्यात जास्त.

आता आमच्या कपाटावर थर्माकोलचा एक तुकडा आहे, मच्छीच्या खोक्यातून विकीनं कापलेला. मधोमध अंगठीपुरती जागा. नमिता कामावर जाताना अंगठी तिथं ठेवते, आल्यावर बोटात घालते. आणि रोज संध्याकाळी सोनूबाईचा फोन येतो.

"चंदरभाव, जागा रिकामी झाली का?"

झाली सांगितलं की ती फोन ठेवते.