शाळेपुढचा ब्रेकर

शाळेपुढचा ब्रेकर जेसीबीनं उखडायला घेतलाय, हे शेजारणीनं येऊन सांगितलं तेव्हा वनमाला गोठ्यात शेण काढत होती. तिनं पाटी तिथंच टाकली, पदर खोचला आणि शेणानं भरलेल्या हातांनीच ती तेलगाव रस्त्याकडं निघाली.

हा ब्रेकर तिनं भांडून मिळवलेला होता. तिच्या आरोहीला याच जागी एका जीपनं उडवलं होतं. पोरीच्या पायात सळई घालावी लागली, अख्खा उन्हाळा अंबाजोगाईच्या दवाखान्यात गेला. परत आल्यावर वनमालानं बायका जमवून रस्ता अडवला, तेव्हा कुठं हा ब्रेकर झाला.

ती पोचली तेव्हा अर्धा ब्रेकर फुटला होता. जेसीबीवर गावातलाच भागवत होता.

"भागवत, कुणी सांगितलं तुला?"

"रविराजदादानं. त्यांची नवी गाडी यावरून जाईना, वयनी. काल खालून घासली. आज अण्णांच्या वाढदिवसाची मिरवणूक हाय, गाडी म्होरं पायजे."

अण्णा म्हणजे मोहनराव, तालुक्याचे पुढारी. रविराज त्यांचा मुलगा, पुण्यात राहणारा.

"गाडी घासती म्हणून ब्रेकर फोडायचा? उद्या तिला ऊन लागलं तर सूर्य झाकणार हायेस का?"

वनमाला उरलेल्या अर्ध्या ब्रेकरवर मांडी घालून बसली. भागवतनं मशीन बंद केली आणि खाली उतरून तंबाखू मळत बाजूला उभा राहिला.

हळूहळू बायका आल्या, बसल्या. मग ती गाडी आली. गर्द हिरवी, रस्त्याला चिकटल्यासारखी बुटकी. पोरं मोबाइल काढून तिच्याभोवती धावली. ज्यांच्या बहिणी याच शाळेत जात होत्या तीच ही पोरं, हे बघून वनमालाच्या अंगाचा भडका उडाला.

रविराज वाकून बाहेर आला. "काकू, जरा उठता का? मिरवणूक झाली की नवा बांधून देतो."

"अन् तवर?"

"काकू, ही साधी गाडी नाही. इटलीत एक छोटा कारखाना आहे, तिथं हातानं जोडतात. साऱ्या जगात मोजक्याच आहेत."

"मग हितं कावून आणली? ज्या गाडीला पोरींच्या शाळेपुढं हळू जाता येत न्हाई, ती मिरवायची कशाला?"

"हळूच जातो, पण खालून लागतं हो."

"लागू दे. आमच्या पोरीला लागलं तवा कुणाची मिरवणूक थांबली न्हवती."

रविराजनं फोन लावला. थोड्या वेळानं स्वतः मोहनराव आले. वनमालाला वाटलं, आता दमदाटी होणार. पण त्यांनी जमलेली गर्दी पाहिली, हातातले मोबाइल पाहिले आणि हात जोडले.

"रविराज, गाडी वळव," ते म्हणाले. मग गर्दीकडं वळून, "वनमाला आपली लेक हाय. ब्रेकर उद्याच्या उद्या पहिल्यापेक्षा भक्कम करू, माझ्या खर्चानं. नावाची पाटी बी लावू."

टाळ्या पडल्या. बाजूच्या बायकासुद्धा हसल्या. वनमालाला मात्र दमदाटीपेक्षाही हे जास्त झोंबलं. ती उठली.

"पाटी लावा अण्णा. पण कुणी बांधला त्याच्या खाली कुणी फोडला ते बी लिवा."

टाळ्या थांबल्या. मोहनराव हसायचे थांबले नाहीत, पण डोळे हसत नव्हते. ते आपल्या गाडीत बसून निघून गेले. रविराजची गाडी अरुंद रस्त्यावर पुढं-मागं करत बराच वेळ वळत राहिली, आणि मघाची तीच पोरं तिला वाट करून देत होती.

दुसऱ्या दिवशी खडी-डांबर आलं, ब्रेकर झाला. पाटी काही आली नाही. पण आता गावात जो तो वनमालाला म्हणतो, अण्णा मोठ्या मनाचे म्हणून तुझं निभावलं. ती कुणाला उत्तर देत नाही. शाळा सुटायच्या वेळी ब्रेकरपाशी जाऊन उभी राहते आणि जोरात येणाऱ्या गाड्यांना हात आडवा करते.