चाचणीपुरतं नाव

शाल्मलीनं त्या आठवड्यात रजा घेतली नाही. घरी छताकडे बघत पडण्यापेक्षा ऑफिस बरं, असं तिनं ठरवलं. सोमवारी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की बाळ राहिलं नाही. तिसरा महिना सरायला आठवडाही उरला नव्हता. तोवर कुणाकडे ब्र काढायचा नाही, ही आईची शिकवण तिनं इतकी काटेकोर पाळली होती की सासूबाईंनाही पत्ता नव्हता. तिच्या नवऱ्याला, तनयला, अर्थातच ठाऊक होतं. आणि सातासमुद्रापार असलेल्या सख्ख्या बहिणीला, मुग्धाताईला, दिवस राहिल्याचा तिनं मेल केला होता. 'ओटी भरायला मी येणार म्हणजे येणार,' असं ताईनं उलट कळवलं होतं. त्याला उत्तर लिहायला शाल्मलीचा हात धजत नव्हता. दुःख तर आलंच आहे, निदान ते चारचौघांत मांडलं जाऊ नये, एवढंच तिचं मागणं होतं.

ऑफिस बेंगळुरातल्या जयनगरात होतं. खासगी कंपन्यांना इंटरनेट विकायची परवानगी नुकतीच मिळाली होती आणि शाल्मली त्यातल्याच एका लहानशा कंपनीत मुख्य इंजिनिअर होती. लायसन्सबरोबर अटही आली होती, की सरकारला टेहळणीची सोय करून द्यायची. म्हणून टोकाच्या खोलीला कुलूप लागलं आणि आत सरकारकडून देवाप्पा येऊन बसले. माणूस निपाणीकडचा, कन्नड आणि मराठी दोन्ही पाण्यासारखं बोलणारा. मुलीच्या वयाच्या शाल्मलीला 'अक्का' म्हणायचा, आणि तीही त्यांना अण्णा म्हणायची. खोलीत नेमकं काय चालतं ते कुणी विचारत नसे. सरकारी खोलीत डोकावू नये, ही अक्कल आपल्याकडे आईच्या दुधाबरोबरच मिळते.

शुक्रवारी दुपारी देवाप्पा तिच्या टेबलाशी आले. हातात बेळगावच्या कुंद्याचा डबा होता.

"अक्का, तोंड गोड करा बघू."

"काय विशेष, अण्णा?"

"मलाच इचारताय व्हय?" ते लाजल्यासारखे हसले. "काल तिसरा सरला न्हवं? तवर गप्प ऱ्हायलो. आमच्यात बी तसंच असतंय, आधी बोलू नये म्हंत्यात. आता काय हरकत न्हाई."

शाल्मलीनं डब्याला हात लावला नाही. माणूस चेष्टा करत नव्हता. त्यानं बिचाऱ्यानं रीत पाळली होती! तिचे दिवस तिच्याइतकेच नीट मोजले होते. तनय बोलला असेल? पण तनयनं यांना कधी पाहिलंही नव्हतं. मग ताईला लिहिलेलं सगळं तिला एकदम आठवलं. उलट्या, भीती, तनयशी झालेलं भांडण, नावंसुद्धा. इंग्रजी अक्षरांत का होईना, मराठीत लिहिलंय, बेंगळुरात कोण वाचणार, अशा भाबड्या भरवशावर तिनं मन मोकळं केलं होतं.

"अण्णा, तुम्ही माझे मेल वाचता?"

"तुमचं नाव मशिनीत हाय की," ते गोंधळून म्हणाले. "नाव असलं की वाचायचं. ड्युटीच ती."

आणि मग तिला कळलं. ही सोय बसवली तेव्हा चाचणीसाठी कुणाचं तरी नाव हवं होतं. कंपनीचे प्रमुख शंतनुसर म्हणाले होते, घाल एखादा कस्टमर. ती उसळली होती, "परक्याचा मेल उघडायचा कसा? माझंच नाव घालते." चाचणी उत्तम झाली, सगळ्यांनी चहा घेतला, कामं मागे लागली आणि नाव तसंच राहिलं. भिंतीला कान असतात हे लहान पोरही सांगेल. हिनं ते स्वतःच्या हातानं बसवले होते!

ती तडक शंतनुसरांच्या केबिनमध्ये शिरली. सर पुण्याचे, आवाज न चढवता माणसाला गार करणारे.

"फोन ऐकायचा तरी गृहसचिवांची लेखी ऑर्डर लागते. सुप्रीम कोर्टानं बजावलंय. माझ्या नावाची ऑर्डर दाखवा."

"ते फोनचं झालं. मेलचं कुठे लिहिलंय?" सर म्हणाले. "आणि टेक्निकली, तुझं नाव तूच टाकलंस. कन्सेंट झाला तो."

"चाचणीपुरतं टाकलं होतं!"

"चाचणीपुरतं असं मशीनला सांगितलं होतंस का?"

  हे रागाच्या पलीकडचं होतं. शाल्मलीनं विचारलं, "बाकीच्या नावांच्या तरी ऑर्डरी आल्यात?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "लायसन्स जाईल, शाल्मली. चाळीस घरं चालतात यावर."

ती जागेवर परतली आणि मशीनमधून तिनं आपलं नाव पुसलं. त्याखाली दुसरी नावं होती. त्यातली काही ओळखीची होती. दिवाळीला घरी फराळ पाठवणारी माणसं. तीही पुसावीत म्हणून बटणावर गेलेलं तिचं बोट थबकलं, आणि मग तिनं हात मागे घेतला. त्या हाताची तिला तिथल्या तिथे किळस आली.

देवाप्पा अजून तिथेच उभे होते, डबा धरून. "अक्का, काय चुकलं का माझं?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. सांगायचं नाही, सांगायचं नाही म्हणत असतानाच तोंडातून निघून गेलं.

"बाळ गेलं, अण्णा. सोमवारी."

सासूला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, पहिल्यांदा तिनं ते सांगितलं ते कुलपाच्या खोलीतल्या माणसाला. देवाप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी डबा पाठीमागे लपवला, आणि चोरी करताना पकडलेल्या पोरासारखे पुटपुटले,

"पर... त्ये मेलात न्हवतं, अक्का."