दोन पेल्यांचा थर्मास

माझ्या डोक्यावर एकात एक बसवलेले दोन पेले आहेत. बाहेरच्या पेल्याच्या तळाशी चहाचे तपकिरी कडे आहे. ते कितीही घासले तरी जात नाही. आतला पेला मात्र लख्ख आहे. दोन्ही एकाच पत्र्यातून, एकाच दिवशी तयार झाले. फरक पडला तो वापरामुळे.

मित्रांनो, मी आजोबांचा जुना थर्मास. माझ्या पोटात काचेची बाटली आहे आणि तिला दोन भिंती आहेत. कारखान्यात एका बाईने त्या दोन भिंतींमधली हवा काढून घेतली आणि तळाचे टोक वितळवून बंद केले. तेव्हापासून तिथे काहीच नाही. या 'काहीच नाही'मुळेच चहा गरम राहतो, कारण उष्णतेला पलीकडे जायला आधार सापडत नाही. मी ऊब निर्माण करत नाही, फक्त तिला लवकर जाऊ देत नाही. तरीही थोडी जातेच, तोंडाकडून, बुचाच्या कडेने.

आजोबा आणि आजी यांच्याबरोबर मी पुष्कळ हिंडलो. बाहेरचा पेला आजोबांचा, आतला आजीचा. "तुमचा थर्मास तुमच्यापेक्षा गुणी आहे, सकाळचा राग तरी धरून ठेवत नाही," असे आजी म्हणायची. ती गेली तेव्हा आजोबांनी तिचा पेला एकदा घासला आणि पुन्हा माझ्या डोक्यावर बसवला. त्यानंतर तो कोणी ओठाला लावला नाही. पण चहा मात्र ते रोज दोघांचाच करत. एक कप पीत. दुसरा संध्याकाळपर्यंत माझ्या पोटात राही आणि मग बेसिनमध्ये जाई. दुपारभर ते घर इतके शांत असे की बुचाजवळची वाफ सुटल्याचा आवाजही ऐकू येई.

त्यांची मुलगी दर फोनला विचारी, "बाबा, आमच्याकडे राहायला कधी येताय?" आजोबा म्हणत, "बघू." हे इतक्या वेळा झाले की नातीने, म्हणजे खारूताईने, त्यांचे नाव 'बघूआजोबा' ठेवले. फोन ठेवल्यावर ते मला पुसत आणि पुटपुटत, "तिथे जाऊन मी करू काय? दाराची राखण?"

शेवटी मुलीने सहलीचा घाट घातला. "आधी थीम पार्क, मग तिथूनच क्रूझ," ती म्हणाली. "तिचा धिंगाणा आधी उरकू, मग बोटीवर सगळे निवांत पडू."

थीम पार्कच्या दारात पहारेकऱ्याने मला कानाजवळ धरून हलवले.

"आत काच आहे का, आजोबा?"

"आहे. माझ्यासारखीच गत, बाहेरून दणकट."

तो हसला. मागे रांग वाढत होती. "जा. पण फुटू नका, दोघंही."

आत मात्र सगळ्यांना पंख फुटले. एका पाळण्यातून उतरले की पुढच्या रांगेत पळायचे. खारूताई पुढे, जावई तिच्या मागे, मुलगी नकाशा धरून सर्वांत मागे. आजोबांना एका बाकावर बसवले गेले. "बाबा, हे जरा बघाल? आलोच आम्ही." त्यांच्याजवळ आधी पिशव्या आल्या, मग स्वेटर, मग खारूताईने जिंकलेले कापडी अस्वल. वर रोलरकोस्टरमधून माणसे किंचाळत जात होती. आजोबा मान वर करून त्यांतला आपल्या माणसांचा आवाज शोधत होते.

थोड्या वेळाने त्यांनी मला उघडले. सवयीने दोन्ही पेले काढून बाकावर ठेवले. एक बाई आली. "इथे कोणी बसलंय का?"

"हो," आजोबा म्हणाले. मग त्यांनी लख्ख पेला उचलला. "नाही. बसा तुम्ही."

मित्रांनो, भरल्या गर्दीत एवढा रिकामा मी कधीच झालो नव्हतो. तुमच्या घरी एखादे म्हातारे माणूस असेल, तर त्याच्याजवळ नुसते सामान ठेवून जाऊ नका. थोडा वेळ तुम्हीही बसा. तळाचे टोक तडकले की माझ्या भिंतींमध्ये हवा शिरते. त्यानंतर मला कितीही पुसा, मी चहा गरम ठेवू शकत नाही.

बोटीवर पळायला जागाच नव्हती. चारी बाजूंना पाणी, आणि पाण्याला कसलीही घाई नव्हती. जावई आणि खारूताई डुंबायच्या तलावाकडे गेले. मुलगी आजोबांच्या शेजारच्या आरामखुर्चीत टेकली आणि टेकताक्षणी झोपली. तोंड किंचित उघडे, नकाशा अजून हातात. आजोबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बूच फिरवले, एक पेला भरला आणि हात थांबला नाही म्हणून दुसराही भरला.

ती जागी झाली तेव्हा तो पेला तिच्या खुर्चीच्या दांडीवर होता. तिने तो उचलला आणि घोट घेतला.

"बाबा, कोमट झालाय."

"तू उशिरा उठलीस. तुझी आई आवाज दिला की यायची."

तिने पेला निरखून पाहिला. "हा आईचा ना? तुम्ही अजून दोघांचा करता?"

"मी नाही करत. हात करतो."

"मग दुसऱ्याचं काय होतं?"

"बेसिनमध्ये जातो."

तिने कोमट चहा शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. मग समुद्राकडे बघत म्हणाली, "मी सकाळी ओट्याशी उभ्याउभ्याच पिते. हे दोघं झोपलेले असतात. अर्धा पिते, अर्धा राहतो. तोही बेसिनमध्येच."

"एकटीच?"

"मग कोणाबरोबर?"

तेवढ्यात ओल्या केसांनी खारूताई धावत आली. "आई, विचारलंस का? बघूआजोबा येणार का आपल्याकडे?"

"नाही विचारलं," मुलगी म्हणाली. "आणि आता विचारणारही नाही."

आजोबांनी लख्ख पेला तिच्या हातातून घेतला. त्याच्या तळाशी चहाचे बारीक कडे उमटले होते. त्यांनी ते पुसले नाही. तो पेला तसाच मोठ्या पेल्यात बसवला आणि माझ्या डोक्यावर घट्ट फिरवला.

"येतो मी," ते म्हणाले. "कायमचा. पण सकाळचा चहा मी करणार, आणि तू तो बसून प्यायचा."