उकडीची होडी

माघातली सकाळ. खाडीवर कोवळे, केशरी, मंदमंद ऊन. माडांच्या झावळ्यांतून ते झिरपत यायचे, जलावर थरथरायचे, वाळूवर पसरायचे, आणि झापांच्या मांडवाखालच्या एका अर्ध्या होडीपाशी येऊन थबकायचे. अर्ध्या फळ्यांची, अर्ध्या जन्माची ती होडी पावसाळ्यापासून तशीच पडून होती.

ती धाकू मेस्त्रींची. ऐन कामात त्यांचे उजवे अंग लुळे पडले. पाय सावरला, वाचा सावरली. हात मात्र रुसून बसला. खाडीतल्या निम्म्या होड्यांना ज्याने आकार दिला, तो हात मांडीवर निश्चल, निस्तेज, निरुत्तर. मेस्त्रींनी खाट भिंतीकडे फिरवून घेतली. होडी नजरेला पडायला नको होती.

"हाताला काहीतरी मळायला द्या," डॉक्टर म्हणाले होते. मेस्त्रींची बायको शेवंती हट्टालाच पेटली. पुरुषभर नाही तर वीतभर, वीतभर नाही तर बोटभर. पण होडी याच हातातून व्हायला हवी.

तिने शाडू आणली. धूसर, शीतल, सुगंधी शाडू. पण तिच्या गारव्याने बोटे आखडली, आणि नाळेचे, म्हणजे होडीच्या नाकाचे, टोक उचलण्याआधीच माती तडकली. मग मेण आणले. मधुगंधी, मृदुल मेण. उन्हात पाघळायचे, सावलीत हटून बसायचे. प्लास्टर तर भलतेच उतावळे. शुभ्र, सुकुमार दिसे खरे, पण मेस्त्रींचा अंगठा हलेपर्यंत दगड होऊन मोकळे. तो दगड मेस्त्रींनी डाव्या हाताने अंगणात भिरकावला.

"पुरे झाला गो," ते म्हणाले. "माका आता कायएक नको."

शेवंती त्या दिवशी खूप रडली.

आणि आज माघी चतुर्थी. स्वयंपाकघरात वाफेचे धवल, तरल पडदे. देवाचे मोदक वळून झाले, आणि परातीत उकडीचा एक गोळा उरला. तांदळाची ऊबदार, लुसलुशीत, चंद्रवर्णी उकड. शेवंतीने मेस्त्रींच्या बोटांना तेल चोळले आणि गोळा उजव्या तळव्यात ठेवला.

"येक पारी करा, बसल्या बसल्या."

उकड गारठली नाही, हटली नाही, घाई केली नाही. ती वाट पाहत राहिली. आणि हळूहळू, फार हळूहळू, अंगठा आत शिरला. बोटे बाहेरून फिरू लागली. पण मोदकाची पारी कशी गोल वाटीसारखी हवी. ही एकीकडे लांबतच चालली.

"बिघाडली ती. हयसर द्या, मी नीट करतंय."

मेस्त्रींनी हात मागे घेतला. उजवा हात. स्वतःहून.

तेव्हा शेवंतीला दिसले. लांबलेल्या टोकाला वर उचल होती. ती नाळ होती. दोन्ही बाजूंना निमुळती, नितळ, निखळ कूस होती.

केळीच्या पानावर, मोदकांच्या शेजारी, तिने होडी वाफेला ठेवली. झाकणापाशी ती उभी, दारात मेस्त्री उभे. तडकली तर? विरघळली तर? हा हात पुन्हा रुसला तर? शेवटी तिने झाकण उचलले. वाफ विरली, आणि होडी तशीच होती. उजळ, ओलसर, अखंड.

"पाणी घाल," मेस्त्री म्हणाले. नवी होडी खाडीत सोडण्याआधी तिच्या पोटात पाणी भरून पाहायचे, ही त्यांची जुनी रीत. शेवंतीच्या हाताशी तुपाची वाटी होती. तिने कढत, कनककांती तुपाची धार सोडली. दोघे वाकले. दोघांनी श्वास धरला.

"गळणा नाय गो!"

मेस्त्री हसले, आणि हसताहसता त्यांचे डोळे वाहू लागले. शेवंतीने पदराने आधी त्यांचे डोळे पुसले, मग आपले. मग ती आतल्या खोलीत गेली आणि खाट खाडीकडे फिरवून आली.

दारात ऊन होते, उन्हात मेस्त्री होते, आणि उजव्या तळव्यावर होती बोटभर होडी. तळवा थरथरला, तूप हेलावले, सोने काठापर्यंत आले, सोने परत फिरले. एक थेंबही खाली पडला नाही.