नाल्याच्या दरडीतला तपकिरी थर

मित्रांनो, मी एक जुना मातीचा थर आहे; पण नुसती माती म्हणून नाक मुरडाल, तर मी ऐकून घेणार नाही. पोहरादेवीच्या अलीकडे एका तांड्यामागून नाला जातो. त्याच्या दरडीत वर गाळ, खाली मुरूम आणि मधे गडद तपकिरी पट्टा दिसतो. तो मी.

एके काळी मीच जमिनीचा वरचा भाग होतो. तेव्हा पाऊस भरपूर असे आणि माझ्यावर पुरुषभर गवत डोले. गवत हवेतला कर्ब घेई, वाळून माझ्यात मिसळे, आणि तो कर्ब मी जपून ठेवी. मग कोरडा काळ आला. गाळानं मला गाडलं. गाडला गेलो, पण कर्ब सोडला नाही.

पुढे तांडा वसला. बाया मला खणून नेत, शेणात कालवून घरं सारवत. माझं फार कौतुक होई. सिमेंटची घरं आली आणि मला कुणी विचारेना. अलीकडे मात्र ठेकेदाराला रस्त्याच्या भरावासाठी अख्खी दरड हवी झाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला!

तांड्यातली रंजीता अकोल्याला मातीचा अभ्यास करते. कोणत्या काळात मातीनं किती कर्ब साठवला, याचा अंदाज ती काढते. "आधी आमचे सर माती तपासतील, मंग ठरवा," असं सांगून तिनं परवानगी द्यायला निघालेल्या ग्रामसभेला थोपवलं. सर येण्याच्या आदल्या दिवशी तिनं दरड खरवडून मला मोकळं केलं. ती घरी गेली आणि तिची काकी भुरीबाई आली. पाहुणे यायचे म्हणजे भिंत सारवलेली हवी, ही तिची रीत. तिनं मला शेणानं सारवून टाकलं. करायला गेली गणपती, झाला मारुती!

सकाळी सरांनी कपाळाला हात लावला. ताज्या शेणातही कर्ब असतो. तो माझ्यात मुरला, तर सगळा अंदाज चुकणार.

ठेकेदाराचा माणूस धनराज खुशीत आला. "मंग झालं! उद्या मशीन लावतो."

"काकी, हे काय करून ठेवलं तुमी?" रंजीता रडवेली झाली.

"मंग पाहुण्याइले उघडी भिंत दाखवू काय?" भुरीबाई फणकारली.

रंजीतानं डोळे पुसून कुदळ उचलली. "शेन जिथलोक मुरलं, तितलं फेकतो. त्याच्या आतली माती घेऊ."

"दरड अंगावर येईल," सर म्हणाले. ती थांबली नाही. भुरीबाईनं पदर खोचला आणि टोपल्यानं माती उपसू लागली. मीही दात घट्ट आवळून उभा राहिलो. ढेकूळसुद्धा त्यांच्या अंगावर पडू दिलं नाही. अखेर हातभर आत माझी स्वच्छ माती लागली.

तपासणीत खरं काय ते कळलं. वरच्या गाळापेक्षा माझ्यात कितीतरी जास्त कर्ब आहे, आणि मला उकरलं तर तो हळूहळू हवेत जाईल. ग्रामसभेनं नकार दिला.

"मातीपायी रस्ता अडवता?" धनराज ओरडला.

"रस्ता कर न बापू," भुरीबाई म्हणाली, "पन हे दरड नाई भेटत."

वाचलो म्हणून मी गप्प बसेन, असं समजू नका. ते मशीन पुढच्या नाल्यावर गेलं. तिथल्या दरडीत माझ्याच वयाचा थर होता. त्याची चौकशी कुणी केली नाही, आणि तो ट्रॉल्या भरभरून गेला. मित्रांनो, तुमच्याही गावच्या नाल्यात असा एक पट्टा असेल. मशीनच्या आधी तुम्ही पोहोचा.