दोन्ही बाह्या डाव्याच

कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच निघाल्या आणि शिंपीणबाईंचं डोकं फिरलं. संध्याकाळी गिऱ्हाईक कोट न्यायला येणार होतं आणि त्या कापडाचा वीतभर तुकडाही उरला नव्हता.

त्यांच्या हाताखाली काकू अकरा वर्षं कात्री चालवत होत्या. मागचापुढचा विचार न करता बाईंनी त्यांना फाडफाड बोलून घेतलं. दुकानाचा एक नियम होता: ज्याच्या हातून कापड बिघडेल, त्याच्या नावाची चिठ्ठी टाचून तो तुकडा आठवडाभर खिळ्याला लटकवायचा. बाईंनी चिठ्ठीवर ‘काकू’ लिहिलं आणि बाह्या खिळ्याला लटकवल्या. काकूंनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली.

“उद्यापासून मी येत नाही,” म्हणाल्या आणि डोळे पुसत चालत्या झाल्या.

मग बाईंनाही रडू फुटलं. सहा वर्षांचा धाकटा, ज्याला बडबडीमुळे सगळे पोपट म्हणत, धावत येऊन गळ्यात पडला. “रडू नको ना आई! काकूच वाईट आहेत.” तेवढ्यानंही बाईंना बरं वाटलं. दहा वर्षांची थोरली मात्र कोपऱ्यात बटणं लावत बसलेली, मानसुद्धा वर नाही. ती स्वमग्न आहे, डॉक्टरांनी समजावलेलं सगळं बाईंना तोंडपाठ होतं. पण आईचंच मन ते. एक लेकरू जीव टाकतं आणि दुसऱ्याला पत्ताच नाही, असं वाटून गेलं. खोटं कशाला बोला?

बाईंचे हुंदके थांबले, तशी थोरली उठली. खिळ्यापाशी जाऊन तिनं ‘काकू’वर काट मारली आणि खाली ‘आई’ लिहिलं.

“खडूच्या रेघा तू आखल्यास. फोनवर बोलत होतीस. दुसऱ्या बाहीला साचा उलटा ठेवायचा विसरलीस. काकूंनी रेघेवरून कापलं.”

बाईंनी बाह्या उजेडात धरल्या. रेघा त्यांच्याच हातच्या होत्या, वाद घालायला जागाच नव्हती.

“मग आई वाईट?” पोपटानं विचारलं.

“नाही. तिनं मुद्दाम नाही केलं. पण काकूंनी तर केलंच नाही.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “अगं, मग मी त्यांना बोलत होते तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“आधी तू ओरडत होतीस, मग रडत होतीस. रडताना कुणी चूक सांगितली की मला जास्त लागतं. म्हणून तू थांबेपर्यंत थांबले.”

म्हणजे पोरगी इतका वेळ आपल्याकडेच लक्ष ठेवून होती! बाईंना तिला कुशीत घ्यावंसं फार वाटलं, पण तिला मिठी सोसत नाही, म्हणून त्या नुसत्या शेजारी बसल्या.

“काकूही रडत गेल्या,” थोरली म्हणाली. “त्या एकट्या राहतात. त्यांच्याकडे पोपट नाही.”

शिंपीणबाईंनी पायात चपला सरकवल्या, धाकट्याचं बोट धरलं आणि दुकान लेकीवर सोपवून काकूंच्या घरची वाट धरली.